अठरा चालू

माझ्या लॅपटॉपवर एक फाइल आहे. तिच्यात एक रकाना आहे : 'लग्नाच्या वेळी मुलीचं वय'. त्यातल्या काही नोंदी वानगीदाखल देते. '१९'. 'अठरा'. '२० वर्षे'. '१८ पूर्ण'. '१८+'. '१७ पूर्ण, १८ चालू'. 'अठरावं लागलं'. '१८-१९ असेल'. 'माहीत नाही (सासू म्हणते १८)'. आणि पुन्हा पुन्हा येणारी नोंद, '१८ चालू'.

या मजकुरातून आकडा तेवढा वेगळा काढायचा, एवढंच माझं काम होतं. संख्याशास्त्रात एम. एस्सी. करून मी नुकतीच बाहेर पडले होते आणि एका छोट्या संस्थेसाठी आकडेमोड करत होते. संस्थेच्या ताईंनी गावोगाव फिरून वह्या भरल्या होत्या, कुणीतरी त्या वह्या टाइप केल्या होत्या, आणि अहवालात शेवटी एकच प्रश्न उरणार होता : अठराच्या आत किती?

मी 'आर' उघडलं आणि एका ओळीत काम उरकलं. जे अक्षर अंक नाही ते पुसून टाक, उरेल त्याची संख्या कर. मग सरासरी काढली, तर एक नवरी सतराशे अठरा वर्षांची निघाली.

हसू आलं तरी चूक कुठे झाली ते लगेच कळलं. '१७ पूर्ण, १८ चालू' मधली अक्षरं पुसली की '१७' आणि '१८' एकमेकांना चिकटतात. म्हणून मी सूचना बदलली : डावीकडून वाचत जा, सलग अंकांचा पहिला तुकडा सापडला की थांब. नवरी सतराची झाली, सरासरी माणसात आली. फाइल पुढे पाठवून मी चहा प्यायला गेले.

खरी चूक अजून फाइलमध्येच होती. तिच्याकडे येतेच. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला : शब्दांच्या गर्दीतून अंक नेमका उचलायची ही युक्ती सुचली कुणाला? ती शोधताना मी जिथे पोचले, तिथे संख्याशास्त्र नव्हतं, आणि कॉम्प्युटरही जेमतेम होता.

तिथे मेंदू होता. १९४३ साली वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स या दोघांनी एक निबंध लिहिला. मॅकलक मज्जाशास्त्राचे अभ्यासक. पिट्स हा घरातून बाहेर पडलेला, स्वतःच्या बळावर तर्कशास्त्र शिकलेला पोरगा. मॅकलकांनी त्याला आपल्या घरात ठेवून घेतलं होतं. मेंदूतल्या पेशी 'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलतात असं मानलं, तर त्यांच्या जाळ्यातून विचार कसा उभा राहील, हे त्यांनी गणितात मांडलं. १९५१च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेत स्टीफन क्लीनी या तर्कशास्त्रज्ञाला हा निबंध बघायला दिला गेला. असं जाळं नेमके कोणते क्रम ओळखू शकेल, हा क्लीनींचा प्रश्न होता. उत्तर लिहिण्यासाठी त्यांनी छोटीशी बीजगणिती भाषा केली : हे किंवा ते, ह्याच्यामागून ते, आणि एक तारा, ज्याचा अर्थ 'हे शून्य वेळा किंवा कितीही वेळा'. अशा क्रमांना त्यांनी 'रेग्युलर' म्हटलं. हे नाव त्यांना स्वतःलाही फारसं पसंत नसावं, कारण १९५६ साली निबंध छापून आला तेव्हा अधिक अर्थवाही शब्द असेल तर सुचवा, असं त्यांनी वाचकांना सांगितलं होतं. कुणाचा शब्द काही टिकला नाही. म्हणून आज आपण 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतो, लाडानं 'रेजेक्स'.

माझ्या त्या ओळीत [०-९]+ असं जे होतं, ते हेच. चौकटी कंसात कोणते अंक चालतील ते, आणि पुढची अधिकची खूण म्हणजे 'एकदा किंवा अनेकदा'. क्लीनींच्या ताऱ्याचं सख्खं भावंड.

मेंदूसाठी केलेली ही भाषा मजकुरावर आणली केन थॉम्पसन यांनी. १९६८ साली त्यांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. क्लीनींची सूत्रं घ्यायची, आयबीएम ७०९४ या यंत्राच्या भाषेत त्यांचा थेट प्रोग्राम बनवायचा, आणि मजकूर एकदाच डावीकडून उजवीकडे वाचत हवा तो तुकडा शोधायचा, अशी त्यातली रीत. पुढे बेल लॅब्जमध्ये युनिक्स तयार झालं, त्याच्या 'ईडी' नावाच्या संपादकातही ही सोय आली. आणि १९७३च्या सुमाराला 'ग्रेप' आलं.

ग्रेपची गोष्ट ब्रायन कर्निहान सांगतात, आणि ती मला फार आवडते. बेल लॅब्जमधल्या ली मॅकमहन यांना 'फेडरलिस्ट पेपर्स'चा अभ्यास करायचा होता. अमेरिकेची राज्यघटना लोकांनी स्वीकारावी म्हणून हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी १७८७-८८ मध्ये टोपणनावानं लिहिलेले हे ८५ निबंध. त्यातले बारा नेमके कुणाचे, हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, यावर पुढे दीडशे वर्षं वाद झाला. १९६४ साली मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर पुस्तक लिहिलं. मोठमोठ्या विचारांकडे न बघता त्यांनी किरकोळ शब्द मोजले. 'वर' या अर्थाचा 'अपॉन' हॅमिल्टन सतत वापरतो, मॅडिसन क्वचित. अशा शब्दांच्या वारंवारतेवरून कौल मॅडिसनच्या बाजूनं गेला. मॅकमहन यांनाही असलंच काही करायचं होतं, पण सगळा मजकूर ईडीच्या मेमरीत मावेना. तेव्हा थॉम्पसननी ईडीतला शोधणारा भाग बाहेर काढून त्याचा वेगळा प्रोग्राम केला. फाइल मेमरीत भरायची नाही, एकेक ओळ वाचायची, जुळली तर छापायची. 'ग्रेप' हे नाव ईडीतल्या एका आज्ञेवरून आलं : सगळीकडे बघ, हे सूत्र शोध, छाप.

म्हणजे शब्दांतून आकडे काढायचं हत्यार कुणाला तरी शब्दच मोजायचे होते म्हणून घडलं. त्याच बेल लॅब्जमध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' ही संख्याशास्त्राची भाषा सुरू केली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी एसवरून स्वतःची भाषा केली, १९९३ मध्ये ती लोकांपुढे आणली, आणि दोघांच्या नावांच्या पहिल्या अक्षरावरून तिचं नाव 'आर' ठेवलं. १.० ही आवृत्ती यायला २९ फेब्रुवारी २००० उजाडलं.

एस आणि आरनं आमच्यासारख्यांसाठी एक सापळाही लावून ठेवला. त्याचं नाव 'फॅक्टर'. समजा एका रकान्यात '१०', '२०', '५०' अशा चिठ्ठ्या आहेत आणि आरनं तो रकाना फॅक्टर मानला. मग आतमध्ये तो १, २, ३ असे क्रमांक ठेवतो आणि कुठल्या क्रमांकाला कुठली चिठ्ठी याची यादी बाजूला ठेवतो. कल्पना उत्तम आहे. जिल्ह्यांची नावं, धर्म, पीक यांच्यासाठी असंच हवं. पण अशा रकान्याला 'संख्या हो' म्हटलं तर तो चिठ्ठीवरचा आकडा देत नाही, आतला क्रमांक देतो. ५० मागितले, ३ मिळाले. चुकीचा इशारा नाही, लाल अक्षरं नाहीत. आरच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत यासाठी स्वतंत्र प्रश्न आहे, क्रमांक ७.१०. त्यावर कुणाकुणाचे प्रबंध अडखळले असतील कुणास ठाऊक. वर्षानुवर्षं आर फाइल वाचताना मजकुराचा प्रत्येक रकाना न विचारता फॅक्टर करून टाकायचं. २४ एप्रिल २०२० रोजी ४.० आवृत्ती आली तेव्हा ही सवय सुटली.

दुसरा सापळा मला जास्त जवळचा. वयाचे गट पाडायला आरमध्ये 'कट' नावाचं फंक्शन आहे. त्याला १५, १८, २० असे टप्पे दिले की ते (१५,१८] आणि (१८,२०] अशा चिठ्ठ्या लावतं. गोल कंस म्हणजे तो आकडा बाहेर, चौकटी कंस म्हणजे आत. आपण वेगळं काही सांगितलं नाही, तर बरोब्बर अठराची मुलगी खालच्या गटात जाते, सोळा-सतराच्यांबरोबर. कायद्याला नेमकं उलटं हवं असतं. वर हे फंक्शन चिठ्ठीवर टप्पे छापताना साधारण तीनच महत्त्वाचे अंक ठेवतं. वयाला ते पुरतात, पण उत्पन्नाच्या गटांवर चिठ्ठीतून काढलेला आकडा आणि प्रत्यक्ष टप्पा यांत फरक पडतो. गंमत म्हणजे अशा चिठ्ठ्यांमधून आकडे परत कसे काढावेत याचं उदाहरण कटच्या मदतीच्या पानावरच दिलेलं आहे. आपणच आकड्याची चिठ्ठी करायची आणि आपणच ती फाडून आकडा शोधायचा.

(स्प्रेडशीट तर याहून उत्साही. '५-९' हा वयोगट लिहा, भारतीय सेटिंग असेल तर त्याची ५ सप्टेंबर होते. मानवी जनुकांच्या नावांचंही असंच व्हायचं. 'मार्च१' आणि 'सेप्ट१' या जनुकांच्या तारखा होऊन शोधनिबंधांत छापल्या जायच्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली.)

आता आपल्याकडे येते, कारण '१८' हा कॉम्प्युटरच्या लेखी एकच आकडा नाही. इंग्रजी कीबोर्डावरचे अंक म्हणजे ४८ ते ५७ हे संकेतांक. युनिकोडमध्ये देवनागरी '०' ते '९' हे २४०६ ते २४१५. पायथन दोन्ही ओळखतं. त्याला देवनागरी '१८' दिला तर तो निमूटपणे अठरा म्हणतो. जावास्क्रिप्टची 'कुठलाही अंक' ही खूण देवनागरीकडे बघतच नाही. आरचं वागणं तर फारच मानवी आहे. 'स्ट्रिंगर' हे पॅकेज '१८' मध्ये अंक आहेत हे बरोबर ओळखतं, ते उचलूनही देतं. पण ते आरला देऊन 'याची संख्या कर' म्हटलं की आर म्हणतं, उपलब्ध नाही. दहा चिन्हं आणि स्थानाप्रमाणे किंमत ही रीत इथून अरबांकडे, अरबांकडून युरोपात गेली म्हणून शाळेत आपण छाती फुगवतो, आणि त्याच अंकांना यंत्राच्या दारात ओळखपत्र दाखवावं लागतं. उपाय एका ओळीचा आहे, दहाला दहा जुळवून बदलून टाकायचे. पण गरज आहे हे आधी कळायला हवं. माझ्या फाइलमध्ये निम्मे अंक इंग्रजी होते, निम्मे मराठी. पहिल्या दिवशी मराठीवाल्या मुली हिशेबातून गायब होत्या.

आणि अक्षरी लिहिलेले? 'अठरा' पकडायला सूत्र चालत नाही, यादीच लागते. इंग्रजीत वीस-तीस शब्दांत शंभरापर्यंत भागतं. मराठीत 'एकोणतीस' वाचताना पुढचा तीस दिसतो आणि त्यातून एक वजा करायचा असतो, 'पंचावन्न'मधला 'वन्न' म्हणजे पन्नास हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' अशी वाचनाची रीत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या आणि आपण मीम्स पाठवत होतो. मीही पाठवले होते. मराठी अंकांची शंभर शब्दांची यादी हातानं टाइप करताना मला त्यांचं म्हणणं पुरतं पटलं.

एवढं सगळं करून फाइल स्वच्छ झाली होती. ती छापून घेऊन मी ताईंकडे गेले. ताई म्हणजे ज्यांनी वह्या भरल्या त्यांतल्या एक, माझ्या आईहून थोड्या मोठ्या. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत एक पान वाचलं.

"पोरी, ह्या अठराच्या कशा गं? ह्या सतराच्या."

"ताई, तुम्हीच लिहिलंय. हे बघा, अठरा चालू."

"मग? सतरा भरली म्हणून अठरा चालू. अठरा भरली असती तर अठरा पूर्ण लिहिलं असतं की."

माझ्या आजीच्या तोंडी हे आयुष्यभर ऐकलं होतं. 'नातीला पाचवं लागलं' म्हणजे चार पूर्ण. घरात ऐकलेलं मराठी ऑफिसात मी साफ विसरले होते. सूत्रानं चोख काम केलं होतं; '१८ चालू' मधून १८ काढले होते. आणि त्या प्रत्येक ओळीतली मुलगी कायद्याच्या रेषेच्या अलीकडून पलीकडे गेली होती. फाइल पुढे जाऊन चार दिवस झाले होते.

"मग सरळ सतरा का नाही लिहिलं?"

"घरचे सांगतील तसं लिहायचं, असं तुमच्याच माणसांनी शिकवलंय आम्हाला. सतरा कोण म्हणेल? अठरा चालू म्हटलं की खोटंही नाही आणि अठराही आलं."

वयाच्या रेषेभोवतीची ही कसरत जुनी आहे. १८९१ साली संमतिवयाची रेषा दहावरून बारावर गेली तेव्हा पुण्यात रान पेटलं होतं. टिळक कायद्याच्या विरोधात, भांडारकर बाजूनं. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं आणि तो १ एप्रिल १९३०पासून लागू होणार हे आधीच जाहीर होतं. त्या मुदतीच्या आत लग्नं उरकून घ्यायची झुंबड उडाली. लगेच १९३१ची जनगणना आली, आणि तिच्या कोष्टकांत लहान वयातल्या विवाहितांचा फुगवटा स्पष्ट उमटला. रेषा अठरावर आली ती १९७८ मध्ये.

लोक वय सांगताना कुठे थांबतात हेही मोजता येतं. ज्यांना जन्मतारीख माहीत नसते ते शून्य किंवा पाचावर थांबतात : तीस, पस्तीस, चाळीस. जॉर्ज व्हिपल यांच्या नावानं त्याचा निर्देशांक आहे. २३ ते ६२ वयातली किती माणसं शून्य-पाचाच्या वयांवर बसली आहेत ते बघायचं. सगळं सुरळीत असेल तर १००, सगळीच त्या वयांवर असतील तर ५००. १९३१ च्या जनगणनेत यावर तोड म्हणून वयाचे गटच असे पाडले की शून्य-पाच गटाच्या मध्यावर यावेत : ४-६, ७-१३, १४-१६, १७-२३. '१७-२३' ही चिठ्ठी वाचताना विचित्र वाटते, पण ती लावणाऱ्याला माहीत होतं की वीस म्हणणारा अठराचाही असेल आणि बावीसचाही. चिठ्ठीतच त्यानं अविश्वासाला जागा ठेवली होती.

आमच्या फाइलमध्ये ढीग शून्य-पाचावर नव्हता, अठरावर होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की देशात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. महाराष्ट्रात जवळपास बावीस टक्के. त्या पाहणीत महिना आणि वर्ष विचारतात, 'वय काय' एवढ्यावर थांबत नाहीत. का, ते मला ताईंच्या ओसरीवर कळलं.

मी सूत्र बदललं. 'चालू', 'लागलं', 'सुरू' यांपैकी काही असेल तर एक वजा. 'पूर्ण', 'भरलं', 'सरलं' असेल तर तसंच. दोन्ही असेल तर 'पूर्ण'च्या आधीचा आकडा. '१८+' ला हात लावला नाही. संस्थेला फोन करून चूक माझी आहे असं सांगितलं, सुधारलेला आकडा पाठवला. तो आधीच्यापेक्षा बराच वाढला होता. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग विचारणा झाली : पहिला आकडा ठेवला तर चालणार नाही का, तो तालुक्याला कळवूनही झालाय. मी नाही म्हटलं. आवाज कापत होता, कारण तेव्हा महिन्याचे पैसे यायचे होते. दुसरा आकडा गेला.

उरल्या 'माहीत नाही (सासू म्हणते १८)' सारख्या ओळी. त्या मी रिकाम्या सोडणार होते. ताई म्हणाल्या, "थांब. शाळेचा दाखला असतो प्रत्येकीचा. लग्न कधी झालं ते कुणी विसरत नाही."

तीन आठवड्यांनी त्यांचा व्हॉट्सॲप आला. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फोटो, घडीच्या जागी फाटलेला, नावावर ताईंनी अंगठा ठेवून काढलेला. जन्म, नोव्हेंबर २००३. खाली आवाजी निरोप : लग्न पहिल्या लॉकडाऊनच्या दुसऱ्या महिन्यात, अंगणात, पंधरा माणसांत. म्हणजे मे २०२०.

वजाबाकी मी हातानंच केली. सोळा वर्षं, सहा महिने. त्या ओळीत '१६' लिहिलं. शेजारच्या रकान्यात मूळ मजकूर होता तसाच ठेवला : माहीत नाही, सासू म्हणते १८.